धूळ उत्तम

"हा फोटो तुम्हीच काढलाय न्हवं?"

दार उघडताच समोरच्या बाईने नमस्कारही न करता हे विचारलं. वय चोवीस-पंचवीस. कडेवर बाळ, काखेत गुंडाळलेलं कॅलेंडर. ते तिने एका हाताने झटकून उलगडलं आणि मार्च महिना माझ्यापुढे धरला.

पत्र्याची शेड, छतातल्या भोकातून तिरका उतरलेला उन्हाचा झोत, झोतात दाट धूळ. धुळीमागे एक माणूस उकिडवा बसलेला, हातात टाकी आणि हातोडी, समोर लाल दगडातलं अर्धं घडलेलं कीर्तिमुख. खाली बारीक अक्षरात माझं नाव.

"हो, माझाच."

"हे माझे वडील. हणमंत धोत्रे. मी अंबिका. तुमचा पत्ता तुमच्या संस्थेनं दिला. सहा तास एस्टीनं आले, पाणी द्या आधी."

ती आत येऊन बसली, तांब्याभर पाणी प्यायली, बाळाच्या ओठांना ओलं बोट लावलं. मग म्हणाली, "हे कॅलेंडर आमच्याकडं पतसंस्थेत लागलंय, न्हाव्याच्या दुकानात लागलंय. बाबा म्हणतात, मी घरात न्हाई पण गावातल्या भिंतीवर हाय."

"घरात नाहीत म्हणजे?"

"गोठ्याला लागून पत्रा मारलाय, तिथं राहतात. ताट वेगळं, तांब्या वेगळा. आम्ही नाही केलं, त्यांनीच केलं. टीबी म्हणून दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला. खोकला जात नाही, दम जात नाही, थुंकीत काही सापडत नाही. आता सिव्हिलमधले एक डॉक्टर म्हणाले, हा टीबी नाही, फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय. त्यानं दुसऱ्याला काही होत नसतं."

"मग चांगलंच की. म्हणजे, घरात यायला तरी."

"तोंडी म्हणाले. लिहून देत नाहीत. त्याला जिल्ह्याची कमिटी असते, ती शिक्का मारते." तिने बाळाला मांडीवर उलटं झोपवलं आणि थोपटू लागली. "हा आरुष. नऊ महिन्यांचा. बाबांनी अजून हात लावला नाही याला. माझी सासू म्हणते कागद आण, मग पोराला माहेरी ने. सासूचं सोडा. बाबाच म्हणतात, कागद येऊ दे. मी म्हटलं डॉक्टर सांगतोय ना! तर म्हणतात, त्याचं काय जातंय बोलायला, नातू माझा हाय."

तिने पिशवीतून अर्जाची झेरॉक्स काढली. पुढच्या महिन्यात सुनावणी होती. शेडच्या मालकाने, तोडकरशेठने, लिहून दिलं होतं की त्याच्याकडे दगडावर सतत पाणी सोडून काम होतं, धूळ उडतच नाही. शेडमधले बाकीचे तीन कारागीर तसंच सांगायला तयार होते. अजून तिथेच कामाला होते ते.

"आमच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही," अंबिका म्हणाली. "फक्त हा फोटो. बाबा म्हणाले, त्या बाईला शोध."

मी अर्ज वाचला. तिसऱ्या परिच्छेदात होतं: 'सदर शेडमध्ये पाण्याची कोणतीही सोय कधीही नव्हती. सर्व घडाई कोरडी चालत असे.'

ते वाक्य मी दोनदा वाचलं. शेडमध्ये पाणी होतं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

अंबिका माझ्याकडे पाहत होती. अर्ज-विनंत्या लिहिताना माणसं थोडं वाढवून लिहितात, असं मी मनात म्हटलं आणि कागद तिला परत दिला.

"येईन मी," मी म्हणाले.

*

त्या शेडमध्ये मी अडीच वर्षांपूर्वी गेले होते. भूशास्त्रात एम. एस्सी. करून मी नोकरी न धरता एका संस्थेची वर्षभराची शिष्यवृत्ती घेतली होती. कारागिरांचे त्यांच्या रोजच्या कामाच्या जागी फोटो काढायचे, एवढंच काम. स्टुडिओ नाही, कुणाला नवे कपडे घालायला लावायचे नाहीत, जे जसं चालतं ते तसं टिपायचं. प्रत्येक फोटोमागे वहीत नोंद: वेळ, उजेड, हत्यारं, कच्चा माल. प्रयोगवहीची सवय होती, त्यामुळे ती नोंद मला फोटोइतकीच आवडायची.

मालकाची परवानगी आदल्या दिवशी फोनवर घेतली होती. शेड हायवेला लागून होती. एका नव्या देवळाचे खांब, तुळया, कमानी तिथे घडत होत्या. दगड राजस्थानातून आलेला, वाळूचा, लाल. भिंग लावून पाहिला. कण एकसारखे, गोलसर, काचेसारखे. नव्वद टक्क्यांच्या वर गारगोटी. तसं मी वहीत लिहिलंही.

चार कारागीर टाकी-ग्रायंडरने नक्षी काढत बसले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर तारेने बांधलेली एक प्लास्टिकची नळी, नळीतून दगडावर ठिबकणारं पाणी. शेडमध्ये वरून ऊन येत होतं, पण ते कुठे अडकत नव्हतं. ओला दगड काळपट दिसत होता, कोरलेल्या रेषा बुजून गेल्या होत्या. पंधरा मिनिटं मी फोटो काढले आणि सगळे बेकार निघाले.

सगळ्यात थोरला होता तो कीर्तिमुख घडवत होता. पन्नाशीचा, डोक्याला पांढरा पटका. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"मामा, हे पाणी थोडा वेळ बंद करता येईल का?"

त्यांची हातोडी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"का वो, बाई?"

"दगड कोरडा असला की फोटोत खरं दिसेल."

पलीकडून मुकादम ओरडला, "ए धोत्रे, शेठनं काय सांगितलंय? म्याडम हायेत तवर चालू ठेवायचं!"

"म्याडमच म्हनत्यात बंद करा," हणमंतमामा म्हणाले. ते उठले आणि पिंपाशी जाऊन तोटी फिरवू लागले. आधी उलटी फिरवली, पाणी जोरात आलं, मग सुलटी. बाकीचे तिघे हसले. एक जण म्हणाला, "मामा, जपून, नवरीचा हात मुरगाळशीला." पुन्हा हसू. फोटोवाल्या बाईला पाहून सगळीकडेच माणसं हसतात, तसं असेल म्हणून मी कॅमेऱ्यात डोकं घातलं.

वीस-पंचवीस मिनिटांत दगड वाळला. ग्रायंडर फिरला आणि शेड भरून गेली. झोत असा उभा राहिला की हाताने धरावा. मी ओढणी नाकावरून दोनदा गुंडाळून घेतली आणि पाऊण तास काम केलं. त्या चौघांपैकी कुणाच्याही तोंडाला फडकं नव्हतं.

निघताना हणमंतमामांनी विचारलं, "हाय तसा आला न्हवं फोटू?"

"आहे तसा," मी म्हणाले.

*

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. मी पोचले तेव्हा अंबिका व्हरांड्यात उभी होती, कडेवर आरुष. हणमंतमामा टोकाच्या बाकावर एकटे बसले होते. मी त्यांना ओळखलं ते पटक्यावरून. खालचा माणूस निम्मा झाला होता.

"बाळाला आणलंस?" मी अंबिकाला विचारलं.

"सासूला सांगितलंय, डोस द्यायला नेते." ती हळू आवाजात म्हणाली. "आज कागद मिळाला की इथंच त्यांच्या मांडीवर देणार. घरापर्यंत थांबत नाही मी."

मी बाकाकडे गेले. हणमंतमामांनी हात जोडले. दोन शब्दांमागे एक श्वास, असं त्यांचं बोलणं झालं होतं.

"आलासा... लई बरं... झालं."

तेवढ्यात शिपाई आला. "अर्जदार धोत्रे कोण? तुम्ही टीबीचे ना? तुम्ही इथंच बसा. साहेबांनी सांगितलंय, आत गर्दी नको. मुलगी चालेल."

"टीबी नाही ते ठरवायलाच आलोय आम्ही," अंबिका म्हणाली.

"मग ठरू दे की. ठरलं की बोलावतो."

आत तीन जण होते. मध्ये अध्यक्ष, एका बाजूला छातीचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक निरीक्षक. तोडकरशेठ आला नव्हता, त्याचा वकील आला होता. डॉक्टरांनी माझा फोटो, मी मुद्दाम मोठा करून आणलेला, टेबलावर सरळ ठेवला आणि चष्मा वर करून पाहिला.

"हा वाळूचा दगड ना?"

"हो. नव्वद टक्क्यांच्या वर क्वार्ट्झ आहे. मी भूशास्त्राची आहे."

"आणि हे काम किती वर्षं?"

"एकोणीस," अंबिका म्हणाली.

डॉक्टर अध्यक्षांना म्हणाले, "एक्स-रे टीबीलाही बसतो आणि धुळीलाही, हे मी मागेच सांगितलं. प्रश्न फक्त धुळीचा होता. एवढी धूळ असेल तर मला शंका नाही."

अंबिकाने आरुषला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मला वाटतं, तेवढ्या वेळात तिला कागद दिसला होता.

वकील म्हातारा होता, सौम्य. "फोटोची तारीख कशावरून सांगता?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे नोंदवही आहे. प्रत्येक फोटोची नोंद असते." वही मी स्वतःहून आणली होती. तारीख पटावी म्हणून. मी ती त्याच्याकडे दिली, आणि देताना मला थोडा अभिमानही वाटला, हे मला अजून आठवतं.

त्याने पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. "अकरा पाच. चार नळ्या, ठिबक चालू. दगड ओला, काळपट. उठाव नाही. अकरा वीस. पाणी बंद करवले. अकरा पंचेचाळीस. धूळ उत्तम."

'उत्तम' हा शब्द मी तिथे का लिहिला असेल, याचा मी विचार करत राहिले.

"बंद करवले, म्हणजे कुणी?"

"मी."

"कशासाठी?"

"उन्हाचा झोत दिसावा म्हणून."

"तुम्ही शेडमध्ये पाय ठेवला तेव्हा पाणी चालू होतं?"

"हो."

"तुम्ही बंद केलं नसतं तर या फोटोत ही धूळ दिसली असती?"

"एवढी नाही."

"एवढी नाही, की नाही?"

"जवळजवळ नाही."

डॉक्टर पुढे झुकले. मला वाटतं त्यांना मला वाट करून द्यायची होती. "तुम्ही विचार करून सांगा. तिथे रोज पाणी असायचं का?"

मला माहीत होतं ते मी सांगितलं. "मी एकच दिवस गेले होते. त्या दिवशी होतं."

अंबिका माझ्याकडे पाहत नव्हती. ती टेबलावरच्या फोटोकडे पाहत होती. अध्यक्षांनी लेखनिकाकडे मान वळवली आणि सांगायला सुरुवात केली. "साक्षीदाराच्या स्वतःच्या कथनानुसार..."

*

मी बाहेर आले. हणमंतमामांच्या बाकापाशी गेले.

"काय... इच्यारलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पाण्याचं विचारलं, आणि मी होतं म्हणून सांगितलं.

त्यांना नीट कळलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना कळलं होतं. त्यांना फक्त श्वास हवा होता.

"ते पानी... तुमच्यासाठी व्हतं."

"म्हणजे?"

"शेठनं... आदल्या राती नळ्या आनल्या. फोटोवाली बाई येनार, पेपरात यील, म्हनून. सकाळी बांधल्या." ते थांबले. "ओल्या दगडावर रेघ दिसती का, बाई? रेघ दिसल्याबिगर... नक्षी कशी काढायची? एकोनीस वर्सांत... दगडावर पानी घेतलं न्हाई कुनी. तुमी गेलासा आन्... नळ्या काढल्या."

तोटी उलटी फिरवून सुलटी केली होती त्यांनी. शेडमधलं हसू मला पहिल्यांदा ऐकू आलं.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय? तुमीच म्हनला, बंद करा, खरं दिसंल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. "मला वाटलं, बाईनं वळखलं. शेठचं नाटक वळखलं. म्हनून तर... पोरीला म्हनलं, त्या बाईला शोध."

मी धावत आत गेले. लेखनिक कागद प्रिंटरमधून काढत होता. मी जे ऐकलं ते एका दमात सांगितलं.

"हे मघाशी का नाही सांगितलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला माहीत नव्हतं."

"आता कुणाकडून कळलं?"

"हणमंत धोत्र्यांकडून."

"म्हणजे अर्जदाराकडून. त्यांचं म्हणणं अर्जात आहेच." ते रागावले नव्हते. "तुम्ही स्वतः पाहिलेलं तेवढं साक्षीत येतं, म्याडम. ते आलंय."

"पाणी चालू असतानाचे फोटो आहेत माझ्याकडे. नळ्या कोऱ्या आहेत त्यात, दिसेल."

वकील शांतपणे म्हणाला, "नळ्या नव्या असणं हा मालकाचा दोष म्हणायचा का?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढची फाइल ओढली. "अपील करा," अध्यक्ष म्हणाले. "हक्क आहे तुमचा."

अपील केलं. त्याची पहिली तारीख लागली तेव्हा हणमंतमामा हयात नव्हते.

त्या दिवशी मी वळले तर दाराशी अंबिका उभी होती. तिने माझं बोलणं ऐकलं होतं.

"अर्ज तुम्ही माझ्यासमोर वाचला होता," ती म्हणाली. "पाणी नव्हतं असं लिहिलंय, तेही वाचलं."

"हो."

"तेव्हाच विचारायचं, अंबिका, मी तर पाणी बघितलं, हे कसं?"

"मला वाटलं..."

"खोटं लिहिलंय असं वाटलं."

मी हो म्हणाले. नाही म्हणणं शक्य नव्हतं.

"आणि खोटं वाटलं तरी आलात. उपकार करायला." तिने आरुषचं टोपडं सारखं केलं. "दगडाची टक्केवारी बरोबर सांगितलीत बघा. डॉक्टर खूश झाले."

ती व्हरांड्यातून बापाकडे चालत गेली. मी दोन पावलं मागे होते.

"बाबा, कागद नाही दिला."

"काय लिवलं?"

"धुळीनं झालं असं सिद्ध होत नाही."

त्यांनी मान हलवली.

"डाक्टर व्हता न्हवं... त्यात?"

"होता."

"मोठा?"

"मोठाच. पण बाबा..."

"मग आसंल."

"काय आसंल? तुम्हाला ठाऊक आहे की पाणी नव्हतं!"

"पानी न्हवतं. ते मला ठावं हाय." त्यांनी श्वास घेतला, दुसरा घेतला. "पर ह्यो आजार कशाचा... ते मला काय ठावं? ते त्यास्नीच ठावं. तिघं तिघं बसून... न्हाई म्हनत्यात."

"बाबा, तो सिव्हिलचा डॉक्टर..."

"त्यो एकला."

अंबिका पुढे झाली आणि आरुषला काखेत धरून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवायला वाकली. बाळाने पटक्याकडे दोन्ही हात पसरले.

हणमंतमामा उठले. एवढ्या झटक्यात उठताना मी त्यांना त्या दिवशी पाहिलं नव्हतं. पटक्याचा शेव ओढून त्यांनी नाका-तोंडावर धरला आणि भिंतीला हात लावत व्हरांड्याच्या पार टोकाला, जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. तिथे त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती.

"लांब घे त्याला," ते तिकडूनच म्हणाले. "आनखी लांब."

अंबिका होती तिथेच उभी राहिली. मग तिने बाळाच्या काखेत हात घातले आणि त्याला डोक्याच्याही वर उचलून धरलं, तोंड त्यांच्याकडे करून. आरुष हसत होता, हवेत पाय मारत होता.

त्यांनी कापडावरून डोळे वर केले.

"दिसला," ते म्हणाले. "खाली घे आता. दमशील."